चौकटीबाहेर काय ठेवावे?

सुटीच्या प्रवासात छायाचित्रांची मालिका आखताना आपण प्रकाशाचा, कोनाचा, वेळेचा विचार करतो. काय वगळावे, हे मात्र क्वचितच स्वतःला विचारतो. मे महिन्याच्या सुटीत साष्टीतील जुन्या चर्चवास्तू टिपण्याचा बेत आखताना आम्हांला हाच प्रश्न सर्वांत अवघड वाटला.

अंधेरीस सीप्झच्या आवारात १५७९ साली उभारलेल्या संत योहान बाप्तिस्ता चर्चचे भग्नावशेष आहेत. तेथे अडचण केवळ परवानगीची. बोरिवलीचे मंडपेश्वर मात्र मनाची परीक्षा घेते. वर फ्रान्सिस्कन मठाच्या छप्पर हरवलेल्या भिंती आणि त्यांच्या खाली प्राचीन शैव लेणे. सोळाव्या शतकात त्या लेण्याचेच चर्च करण्यात आले. आत नटराज आहे, आणि कातळात कोरलेला क्रूसही आहे.

तिरप्या उन्हात केवळ वरच्या भिंती टिपल्या, तर चित्र देखणे येईल. त्यात खोटे काहीच नसेल. तरीही ते पुरे सत्य नसेल. त्या भिंतींत प्रार्थना करणाऱ्यांची श्रद्धा खरी होती. दुसऱ्यांचे देवस्थान त्यासाठी घेतले गेले, हेही तितकेच खरे. पहिल्याचा अभिमान बाळगायचा, तर दुसऱ्याकडे पाठ कशी फिरवावी?

जुन्या जखमा कशाला उकराव्यात, असे कोणी म्हणेल. परंतु झाकलेली जखम बरी झाली, असे कोणता वैद्य सांगेल? म्हणून मालिकेतील पहिले चित्र थोडे दुरून घ्यावे, असे आम्हांस वाटते : वर मठ, खाली लेणे, एकाच चौकटीत. देखणेपणा किंचित उणावेल. पण हिंदू शेजाऱ्याच्या हाती ते चित्र देताना आपली नजर खाली झुकणार नाही.