खाल्ल्या मिठाचा हिशेब

‘खाल्ल्या मिठाला जागावे’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अन्नदात्याशी बेइमानी करू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. परंतु आश्रमात किंवा परक्या घरी वाढलेला एखादा तरुण पदवी हाती घेऊन उभा राहतो आणि ‘हा माझा हक्क आहे’ असे म्हणतो, तेव्हा हेच वचन त्याच्याविरुद्ध साक्षीला येते. ज्यांनी दोन वेळचे अन्न दिले, अंगावर वस्त्र दिले, शाळेत घातले, त्यांच्यापुढे मान वर करून बोलतोस? ज्याला कोणी नाही त्याने मिळेल त्यात समाधान मानावे, असे आपल्याला मनातून वाटत असते. हे वाटणे न्याय्य आहे काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा असा आहे.

अमृता करवंदे हे नाव महाराष्ट्राला २०१७-१८ मध्ये ठाऊक झाले. ही मुलगी गोव्यातील एका अनाथाश्रमात वाढली. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिला आश्रम सोडावा लागला. ती पुण्यास आली, मिळेल ते काम केले, अर्धपोटी शिकली आणि पदवीधर झाली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षाही तिने दिली. परंतु सवलतीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो आणि ज्याला कुटुंबच नाही त्याने तो कोठून आणावा? घर नाही, जात ठाऊक नाही, बापाचा पत्ता नाही. सारे काही असलेल्या उमेदवारांच्या रांगेत तिला उभे करण्यात आले. अमृता रडत बसली नाही. मित्रमैत्रिणींच्या साहाय्याने तिने तत्कालीन मुख्यमंत्र्यांची भेट घेतली, आपली अडचण मांडली आणि २०१८ साली राज्य शासनाने अनाथ मुलामुलींसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण लागू केले. २०२१ व २०२३ मध्ये त्या नियमांत सुधारणा झाल्या. एका अनाथ मुलीने तोंड उघडले म्हणून शेकडो अनोळखी भावंडांसाठी दार उघडले.

येथे कोणी विचारील, ही कृतघ्नता नव्हे काय? ज्या समाजाने वाढवले त्याच्याचकडे पुन्हा मागणी?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरात आहे. आपला पोटचा मुलगा ताटातल्या भाजीला नाव ठेवतो, फीसाठी हट्ट धरतो, बापाशी वाद घालून दार आपटून जातो. आपण रागावतो, पण त्याला उपकारांची यादी वाचून दाखवत नाही. त्याने मागावे, भांडावे, यातच तो घरचा आहे हे दिसून येते. पाहुणा मात्र भाजी अळणी असली तरी छान म्हणतो. अनाथ मुलाकडून आपण जन्मभर पाहुण्याचे वागणे अपेक्षितो आणि वर म्हणतो, आम्ही त्याला आपले मानले!

संत योसेफ यांना आपण येशूचे पालक पिता म्हणून मान देतो. बारा वर्षांचा येशू जेरुसलेमच्या मंदिरात मागे राहिला. तीन दिवस शोधून मरिया व योसेफ कासावीस झाले. मुलगा सापडल्यावर त्याने जे उत्तर दिले, ते पालक पित्याच्या काळजाला घरे पाडणारे होते. आपला पिता व त्याचे घर वेगळे आहे, असे तो योसेफाच्या समक्ष सुचवून गेला. संत लूकने योसेफाच्या तोंडी दोषाचा एकही शब्द घातलेला नाही. सर्वजण नाझरेथला परतले, मुलगा आज्ञेत राहिला, वाढला आणि पुढे गावाने त्याला सुतार म्हणून ओळखले. योसेफाने कसब दिले, घर दिले. त्याच्या मोबदल्यात मौन मागितले नाही. पालकत्वाचा याहून उंच आदर्श कोणता?

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही असे एक घर होऊन गेले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. त्याला नुसते पोसले नाही; डॉक्टर केले. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस ठरविले. तरीही १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले तेव्हा टिटवे धरण्याच्या यशवंतच्या अधिकाराला भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८९७ च्या प्लेगमध्ये हाच यशवंत आईच्या शब्दाखातर पुण्याजवळ रोग्यांवर उपचार करीत होता. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाही प्लेगने गाठले व त्यातच त्यांचा अंत झाला. वारसाहक्क मिळालेला मुलगा आपणहून सेवेला उभा राहिला. त्याच्याकडून उपकाराची वसुली करण्याची गरजच पडली नाही.

कृतज्ञता हा थोर सद्गुण आहे, यात वाद नाही. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेचे ऋण कायद्याच्या ऋणाहून वेगळे मानले आहे. ते प्रेमातून फेडले जाते. तगादा लावून वसूल केले तर ती कृतज्ञता उरत नाही, सावकारी होते. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. अन्न, आसरा आणि शिक्षण ही बालकाला देण्याची भीक नव्हे. जन्माला आलेल्या प्रत्येक जीवाचे ते देणे आहे. आईबापांनी ते चुकविले, किंवा मृत्यूने त्यांना ते चुकवू दिले नाही, तर ते देणे बुडत नाही. ते समाजाच्या खात्यावर चढते.

आता कायद्याकडे पाहू. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात पालक-कुटुंबात मूल सोपविण्याची तरतूद आहे आणि संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पुढील काही वर्षे आधार देण्याचीही आहे. तथापि तरतूद कागदावर असते आणि मूल रस्त्यावर. आपल्या घरातील अठरा वर्षांच्या मुलाला आपण एकट्याने मुंबईला पाठवताना दहा सूचना देतो. आश्रमातल्या मुलाला त्याच वयात जगाच्या स्वाधीन केले जाते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी या विसंगतीविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठविला आहे. दिव्यांग अनाथांना अठराव्या वर्षानंतरही हक्काचे घर असावे, ही त्यांची मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला पापळकर लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तान्ही असताना जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचराकुंडीत सापडलेली ही मुलगी! तिला अठराव्या वर्षी निरोप दिला असता तर काय झाले असते?

आणि शब्दांचा खेळ कसा जीवघेणा ठरतो, तेही पाहावे. आईबाप मेलेले ते ‘अनाथ’ आणि टाकून दिलेले ते ‘परित्यक्त’, म्हणून दुसऱ्यांना अनाथ प्रमाणपत्र नाही, अशी भूमिका शासनाने मुंबई उच्च न्यायालयात घेतली होती. दोन मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न होता. २०२३ मध्ये न्यायालयाने हा भेद नाकारला. टाकलेल्या मुलीचे दुःख मेलेल्या आईबापांच्या मुलीपेक्षा कमी, असे कोणत्या तराजूने ठरवायचे?

दिघाशीच्या वाचकाला हा विषय पुण्या-मुंबईचा वाटू नये. भिवंडी तालुक्यात यंत्रमागावर पोट भरायला दूरदेशीहून आलेली कुटुंबे आहेत, पाऊस सरला की वीटभट्टीची वाट धरणारी कुटुंबे आहेत. बाप दगावतो, आई खचते आणि मूल आजीकडे किंवा मावशीकडे राहते. अशा बालकांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. आज ती सावित्रीबाईंच्याच नावाने चालते. २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा २२५० रुपये करण्यात आले. पण त्या आजीला अर्ज कोण लिहून देणार? मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक यांसाठी तिच्याबरोबर तालुक्याला कोण जाणार?

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना येथे बरेच करता येण्याजोगे आहे. नाताळात आश्रमात केक वाटून परतणे चांगलेच. पण अठरा वर्षांच्या मुलाला केकपेक्षा पत्ता हवा असतो. अर्जावर लिहायला पत्ता, भाड्याच्या खोलीसाठी जामीन, आजारपणात कळवायला एक नाव, सणाला परतायला एक ओसरी. त्याच्या लग्नाची बोलणी करायला मोठे माणूस. यांपैकी एक जरी आपण देऊ शकलो तरी खूप झाले.

आणि उद्या तोच मुलगा शिकून, आपल्या अंगणात उभा राहून, ‘तुमचे अमुक चुकले’ असे म्हणाला, तर दुखावून जाऊ नये. त्याने पाहुण्याची भाषा सोडली, तो घरचा झाला, असे समजून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. खाल्ल्या मिठाला तो याहून अधिक कसा जागणार?