चौथा हिस्सा

परिग्रहपरिमाणाची यादी आमच्या घरात दर भाद्रपदात नव्यानं लिहिली जाते. दशलक्षण पर्वात, शक्यतो आकिंचन्याच्या दिवशी. घर, मार्केट यार्डातलं गुळाचं दुकान, सोनं, गाडी, ठेवी. एवढं आपलं, यापुढं हव्यास नाही. गेली काही वर्षं त्यात आणखी एक नोंद असते. शर्यतीचा घोडा, चौथा हिस्सा. ती वाचून पंडितजींनी मला विचारलं, "अण्णा, चौथा हिस्सा म्हणजे कुठला पाय?"

घोडा पुण्यात असतो. पावसाळ्यात तिथंच पळतो, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर. बाकीचे तिघे भागीदार पुण्याचे. आमच्या कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे, रेसकोर्स नाही. ते नाव आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतं. इथं आहे तो फुटबॉल. पेठांचा, तालमींचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून बघायचा. मी शिवाजी पेठेतला, म्हणून शिवाजी तरुण मंडळाचा. याला कागद लागत नाही. पोरांच्या बुटांना, दुधाकेळ्यांना मी पैसे देतो. अंड्यांचे दुसऱ्या कुणीतरी द्यायचे, असं आपसात ठरलेलं आहे.

आमच्या जैन समाजात माझ्या घोड्याबद्दल कुजबुज असते, ती रास्तच आहे. सप्तव्यसनांत पहिलं नाव द्यूताचं. आमचा एक भागीदार वकील आहे. तो सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल काढून दाखवतो. घोड्यांच्या शर्यतीत नशिबापेक्षा कसब मोठं, म्हणून तो जुगार नव्हे. कायद्याला तेवढं पुरतं. मी स्वतः पैज लावत नाही. पण जिंकल्यावर मिळणारी बक्षिसाची रक्कम येते कुठून? लोक खिडकीवर पैसे लावतात, त्यातल्या शर्यती भरवणाऱ्या क्लबाच्या वाट्यातून बरीचशी येते. हात न ओले करता मासे खायचे, असला हा प्रकार. आणि आमच्यात मासेही चालत नाहीत. आई मात्र घोड्याची बाजू घेते. तिसरे तीर्थंकर संभवनाथ, त्यांचं लांछन घोडा, मग तबेल्यात पाय ठेवला तर पाप कसलं, असा तिचा सवाल. तिला उत्तर द्यायची माझी छाती नाही.

मला टोचतं ते वेगळंच. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितलेत. प्राण्याला बांधून ठेवणं, मारणं, त्याचा अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, अन्नपाणी अडवणं. ही यादी मी लहानपणी पाठशाळेत घोकली होती, बैल आणि गाढव डोळ्यांपुढं ठेवून. आता वाचली की आमचा घोडाच दिसतो. दिवसाचे बहुतेक तास तो ठाणात असतो. शेवटच्या दोनशे मीटरला जॉकी चाबूक काढतो. किती वेळा मारायचं याला नियम आहे, पण नियम आहे म्हणजे मार आहेच. तो खच्ची केलेला आहे, शांत राहावा म्हणून. शर्यतीच्या सकाळी त्याचा रातीब कमी करतात. आणि ओझं? जिंकला की त्याचं रेटिंग वाढतं, आणि पुढच्या हँडिकॅप शर्यतीत खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन वाढवतात. चांगलं पळाल्याची ही शिक्षा. पाचही अतिचार एका जनावरावर. आणि जनावर तसं लाडाचं. सईस त्याला रोज खरारा करतो, नाल वेळेवर बदलतात, डॉक्टर हाकेवर असतो. माझ्या हमालांना एवढी सोय नाही, हेही सांगायला हवं.

तरी गंमत अशी की घोडा शेवटून दुसरा आला तर माझं काही बिघडत नाही. पॅडॉकजवळ उभं राहून आम्ही चौघं चहा घेतो, ट्रेनर दोन कारणं सांगतो, मी संध्याकाळच्या आत जेवून गाडी काढतो. गेल्या हंगामात पाटाकडील तालमीकडून शेवटच्या मिनिटांत एका गोलनं हरलो, तेव्हा घरी ताट वाढलेलं होतं आणि सूर्य अजून मावळायचा होता. मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, उपवास धरला. त्याच मॅचमध्ये समोरच्यांचा बिनीचा खेळाडू गुडघा धरून खाली बसला, तेव्हा आमच्या गॅलरीत टाळी पडली होती. पोराचं वय वीस असेल. बाजूच्या आजोबांचे हात वर होते, माझेही होते.

तत्त्वार्थसूत्रातच परिग्रहाचं लक्षण सांगितलंय ते वस्तूवरून नव्हे, तिच्यात मन किती अडकलंय त्यावरून. ते मानलं तर माझी यादी चुकीच्या क्रमानं लिहिलेली आहे. कागदोपत्री माझा असलेला घोडा मला उद्या सोडता येईल. कागदोपत्री माझ्या नसलेल्या अकरा पोरांना आणि त्या जर्सीला सोडणं मला जमणार नाही. पंडितजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग घोडा सोडून व्रत पाळल्याचं पुण्य घेऊ नका. स्वस्तात मिळतंय ते." परखड बोलतात, म्हणूनच त्यांच्याकडं जातो.

म्हणून मी दोन हिशेब वेगळे केलेत. घोड्याचा विचार करायचा तो अपरिग्रहासाठी नव्हे, अहिंसेसाठी. माझ्या मनाच्या नव्हे, त्याच्या पाठीच्या काळजीनं. फुटबॉलचा हिशेब उलटा. तिथं द्रव्यहिंसा, म्हणजे प्रत्यक्ष इजा, फारशी नाही; भावहिंसा, म्हणजे मनातली, भरपूर, आणि ती कुठल्याही यादीतून नाव खोडून जात नाही. स्टेडियमला जाणं मी थांबवणार नाही. समोरच्याचा पोरगा पडला तर हात खाली ठेवायचे, एवढं परिमाण यंदा घातलंय. पेठेतल्या कुणाला ते मोठं वाटणार नाही. त्यांनी एकदा पाळून बघावं.

आणि घोड्याचा हिस्सा मी विकणार नाही. विकला तर चाबूक तोच राहतो, फक्त वहीतलं नाव बदलतं. खच्ची केलेल्या घोड्याला पैदाशीची किंमत नसते. शर्यत संपली की त्याला कुणी विचारत नाही. नशीब असलं तर घोडेस्वारीच्या शाळेत जातो, नसलं तर हातोहात कुठं जातो ते मालकाला कळतही नाही. घोडा वीस-पंचवीस वर्षं जगतो आणि त्यातली पळायची वर्षं थोडी. तिघा भागीदारांना मी कळवलंय की बक्षिसातला माझा वाटा यापुढं त्याच्या म्हातारपणाच्या वैरणीसाठी वेगळा ठेवायचा. दोघांनी होकार दिलाय, वकील विचार करतो म्हणाला. ज्यांच्या नावावर पळतं जनावर आहे, त्यांनी निदान ही सोय तरी ते पळत असतानाच करून ठेवावी.