कुऱ्हाडीला दांडा कोण बसवणार?



रमजानचा महिना जवळ आला की आपल्या दारी ओळखीची माणसे येऊ लागतात. गतवर्षी जी विधवा भगिनी जकात घेऊन गेली, तीच याही वर्षी येते. तिच्यासोबतचा मुलगा तेवढा एका वर्षाने मोठा झालेला असतो. आपण जकात देतो, हिशेब पूर्ण झाल्याचे समाधान मानतो आणि दार लावून घेतो. जकात अदा झाली, यात शंका नाही. परंतु या भगिनीला पुढील वर्षी कोणाच्याही दारी जावे लागू नये, यासाठी आपण काय केले, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आला आहे. मदीनेतील एक अन्सारी गृहस्थ आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यासाठी आले. आपण (स.) विचारले की घरात काहीच नाही काय? त्यांनी सांगितले की एक जाडेभरडे कापड आहे, ते अर्धे पांघरतो, अर्धे अंथरतो. आणि पाणी पिण्याचा एक प्याला आहे. पैगंबरांनी (स.) त्या दोन्ही वस्तू आणवल्या आणि उपस्थितांमध्ये त्यांचा लिलाव केला. कोणी एक दिरहम बोलले, आपण (स.) अधिक कोण देतो असे पुन्हा पुन्हा विचारले, शेवटी दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न घ्या आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणा, असे त्यांना सांगितले. कुऱ्हाड आली, तेव्हा पैगंबरांनी (स.) स्वतःच्या हातांनी तिला दांडा बसवला आणि फर्मावले की जा, लाकडे तोडून विका आणि पंधरा दिवस मला दिसू नका. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ आले, तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहमची कमाई होती.

हा प्रसंग आपण खुतब्यांमधून अनेकदा ऐकला आहे. बहुधा त्यातून एकच बोध सांगितला जातो : मागू नका, कष्ट करा. हा बोध खराच आहे. पण तो गरजवंतासाठी आहे. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याच्यासाठी या हदीसमध्ये काय आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पैगंबर (स.) त्या वेळी मदीनेच्या राज्याचे प्रमुख होते. त्यांनी केवळ उपदेश करून त्या गृहस्थांना परत पाठवले नाही. त्यांच्याजवळ काय आहे याची चौकशी केली, रास्त भाव मिळवून दिला, भुकेची सोय आधी केली, अवजार दिले, दांडा स्वहस्ते बसवला आणि पंधरा दिवसांनी काय झाले ते पाहिले. ‘काम कर’ असे सांगणे सोपे असते. काम करता येईल अशी वाट तयार करून देणे ही अधिकाऱ्याची जबाबदारी आहे.

आधुनिक काळातील एका राज्यसंस्थेपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता. अमेरिकेत २२ ऑगस्ट १९९६ रोजी एका कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी स्वाक्षरी केली. गरीब कुटुंबांना, त्यातही प्रामुख्याने एकट्याने मुले वाढवणाऱ्या मातांना, मिळणाऱ्या सरकारी रोख साहाय्यावर या कायद्याने कामाची अट घातली. केंद्राच्या निधीतून मिळणाऱ्या मदतीला सर्वसाधारणपणे आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा आली. त्या मातांना काम करा असे सांगून झाले. पण वर्षानुवर्षे नोकरी न केलेल्या स्त्रीला काम देणार कोण? सरकार खाजगी उद्योगांना आवाहन करत होते आणि स्वतः मात्र देशातील सर्वांत मोठा नोकरदाता होते. तेव्हा ८ मार्च १९९७ रोजी क्लिंटन यांनी सर्व केंद्रीय खात्यांच्या प्रमुखांना आदेश दिला की उपलब्ध नियमांचा उपयोग करून साहाय्यावर जगणाऱ्या लोकांना रिक्त जागांवर घ्या. उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्याकडे त्याची देखरेख सोपवण्यात आली आणि सन २००० पर्यंत सुमारे १०,००० माणसे घेण्याचे उद्दिष्ट ठरले.

त्या काळी केंद्रीय खात्यांतील मनुष्यबळ कमी केले जात होते, त्यामुळे अधिकाऱ्यांपुढील अडचण खरी होती. तरीही मार्ग काढण्यात आला. प्रशिक्षणार्थी कामगार म्हणून अगदी खालच्या श्रेणीवर नेमणूक करायची आणि तीन वर्षे समाधानकारक काम केल्यावर कायम करायचे, अशी तरतूद वापरण्यात आली. अनेक खात्यांनी नवख्यांसाठी एकेक जुना कर्मचारी मार्गदर्शक म्हणून नेमला. मुलांचा सांभाळ आणि येण्याजाण्याची सोय यांत साहाय्य केले. मुदतीपूर्वीच उद्दिष्ट ओलांडले गेले. अर्थात त्यांतील पुष्कळ जागा २००० च्या जनगणनेसाठीच्या तात्पुरत्या होत्या आणि त्या कायद्यातील कठोरपणाचे समर्थन करण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु जे सरकार कष्ट करण्यास सांगते, त्याने आधी स्वतःच्या कार्यालयाचे दार उघडले पाहिजे, ही गोष्ट न्याय्य आहे. ज्ञानाची गोष्ट कोठेही आढळो, ईमानधारकाने तिच्यापासून बोध घ्यावा.

येथे एक आक्षेप संभवतो. सरकारी पद ही अमानत आहे. दिव्य कुरआनने (४:५८) अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा दिली आहे. मग केवळ दया येते म्हणून एखाद्याला पदावर बसवावे काय? मुळीच नाही. पण याचे उत्तर दिव्य कुरआनातच आहे. ह. मूसा (अ.) मिस्रमधून निघून मदयन येथे पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ घर नव्हते, अन्न नव्हते, ओळखीचे कोणी नव्हते. सावलीत बसून त्यांनी आपल्या पालनकर्त्यापुढे गरज मांडली (२८:२४). मात्र त्यापूर्वी दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी निरपेक्षपणे पाणी पाजले होते. त्यांतील एका मुलीने वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, कारण बलवान आणि विश्वासू माणूस हाच कामावर ठेवण्यास उत्तम (२८:२६).

विचार करा. त्या मुलीने शिफारसपत्र मागितले नाही आणि पूर्वीच्या नोकरीचा दाखलाही विचारला नाही. डोळ्यांनी पाहिलेले काम आणि वर्तन तिने पुरावा मानला. गरजवंत असणे ही पात्रता नव्हे. पण ती अपात्रताही नव्हे. अपात्राची नेमणूक करणे हा जसा अमानतीचा भंग आहे, तसाच पात्र माणसाला त्याच्या फाटक्या कपड्यांमुळे दारातूनच परत पाठवणे हाही भंग आहे. पाच लेकरांचे घर अपुऱ्या पैशांत चालवणाऱ्या मातेजवळ काटकसर, वेळेचे भान आणि सहनशीलता असते. तिच्या अर्जात अनुभवाचा रकाना मात्र कोरा असतो.

यासोबत दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ज्याला काम करणे शक्यच नाही, त्याला कामाचा उपदेश करणे हा जुलूम आहे. इमाम अबू यूसुफ यांनी नोंदवले आहे की ह. उमर (र.) यांनी एका वृद्ध यहुदी गृहस्थांना भीक मागताना पाहिले, तेव्हा त्यांना दोष न देता बैतुलमालमधून त्यांच्या निर्वाहाची सोय केली. म्हणजे अशक्ताला सन्मानाने साहाय्य आणि सशक्ताला सन्मानाने काम, हीच इस्लामची रीत आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणी सरकारी कार्यालयात अधिकारी असेल, कोणी शाळेचे मुख्याध्यापक, कोणी मशिदीच्या ट्रस्टचे विश्वस्त, तर कोणी दुकानदार. पैगंबरांनी (स.) प्रत्येकाला आपापल्या कळपाचा मेंढपाळ म्हटले आहे आणि प्रत्येकाला त्याबद्दल जाब द्यावा लागेल. सरकारी भरती नियमांनी बांधलेली असते. तेथे वशिला आणि लाच दोन्ही हराम आहेत. पण नियमांच्या आत राहून करण्यासारखेही पुष्कळ आहे. भरतीची जाहिरात गरीब वस्तीपर्यंत पोहोचवा. अर्ज भरण्यास आणि दाखले जमवण्यास मदत करा. मुलाखतीत बोलीवरून वा पेहरावावरून माणूस जोखू नका. नवीन माणूस चुकला तर चारचौघांत अपमान न करता शिकवा, आपल्या हाताखालच्यांना पैगंबरांनी (स.) आपले भाऊ म्हटले आहे आणि काम जड असेल तर स्वतः हातभार लावण्यास सांगितले आहे. मजुरी तर घाम वाळण्यापूर्वीच द्यावयाची आहे. आणि ती व्यक्ती पूर्वी जकात घेत असे, ही गोष्ट आपल्या तोंडून कधीही बाहेर पडू देऊ नका.

या रमजानमध्ये ती भगिनी दारी आली की जकात अवश्य द्या. तो तिचा हक्क आहे. मात्र दार लावण्यापूर्वी तिला आत बसवा आणि तिला काय काय येते, याची आपुलकीने विचारपूस करा. पैगंबरांनीही (स.) त्या अन्सारी गृहस्थांना आधी प्रश्नच विचारला होता.

हे अल्लाह! आमच्या हाती दिलेला अधिकार आमच्याविरुद्ध साक्ष ठरू देऊ नकोस. गरजवंताला मान खाली घालण्यास लावणारे नव्हे, तर त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास साहाय्य करणारे हात आम्हाला लाभू देत. आमीन.