विंचू आधी चावू द्या



‘विंचू चावला’ हे एकनाथांचं भारूड माहीत नाही, असा मराठी माणूस विरळा. अनेकांच्या कानात ते शाहीर साबळ्यांच्या आवाजात बसलेलं असतं. आणि शाळेत कधीतरी त्याचा अर्थ सांगितला जातो: विंचू म्हणजे काम आणि क्रोध. झालं, संपलं भारूड! गंमत अशी की हा अर्थ नाथांनी सुरुवातीलाच उघड सांगितलाय. मग चारशे वर्षं लोक त्यात ऐकतात तरी काय?

मला वाटतं, ते विंचू ऐकतात. अंधारात पाय पडला, कळ डोक्यापर्यंत गेली, अंगाला दरदरून घाम फुटला. हा घाम नाथांनी उगाच आणलेला नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात असंच होतं; घामानं अंग थबथबतं, हातपाय गार पडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच दंशाचा अभ्यास १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. दवाखाना नव्हता तेव्हा ती कळ किती जणांनी भोगली असेल! राग अंगात कसा भिनतो हे अशा माणसांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

विंचू सोडून नुसता अर्थ घेतला की काय हरवतं, हे आपल्या जुन्या काव्यशास्त्राला ठाऊक होतं. लक्षणेचं, म्हणजे शब्दाचा थेट अर्थ जुळत नाही तेव्हा जवळचा अर्थ घेण्याचं, त्यात एक ठरलेलं उदाहरण आहे, गंगेवर गवळ्यांची वस्ती. पाण्यावर वस्ती कशी असेल? म्हणून आपण ‘काठावर’ असं समजून घेतो. पण काव्यशास्त्रकार मम्मट ‘काव्यप्रकाशा’त सांगतो की गंगा म्हटल्यामुळे तिचा गारवा आणि पावित्र्यही त्या वस्तीला मिळतं. नुसतं ‘काठावर’ म्हटलं की अर्थ बिनचूक, गारवा मात्र गेला. अर्थ सांगण्याची घाई करणारे आपण सगळे असे कोरड्या काठावर उभे असतो. (परीक्षेत गुण तिथंच मिळतात, हेही खरं.)

भारुडात पुढे उताराही येतो, अगदी गावच्या मांत्रिकाच्या थाटात. तमोगुण बाजूला सारायचा, सत्त्वगुण लावायचा. वेदना उतरते, पण सगळी नाही. थोडी फुणफुण उरते, आणि ती गुरू जनार्दनस्वामी शमवतात. नुसता उपदेश करणाऱ्यानं रोगी तिथल्या तिथं ठणठणीत केला असता. नाथांनी फुणफुण ठेवली, कारण विंचू उतरल्यावर ती राहतेच.