होकाराचे ओझे

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरी कोणी लिहिते झाले, की आरंभी सारे घर त्या लेखनाचे कौतुक करते. मासिकात एखादी कथा येते, सणाच्या स्मरणिकेत कविता येते, मिस्सा आटोपून बाहेर पडताना ओळखीची माणसे दोन चांगले शब्द बोलतात. पुढे त्या लिहिणाऱ्याच्या हाती कादंबरीचे हस्तलिखित तयार होते आणि कौतुकाच्या जागी प्रश्न उभा राहतो. ते प्रकाशकाकडे धाडून उत्तराची वाट पाहावी, की भविष्यनिर्वाह निधीतील चार पैसे काढून पुस्तक स्वतःच छापावे? आपल्यातील बहुतेक जण पहिल्या मार्गाला नम्रता समजतात आणि दुसऱ्याला हौस. अधिक उघड बोलायचे तर अहंकार. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. हे मत आम्हाला का सोडावे लागले, हे सांगण्यासाठी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कादंबरीकर्त्रीचा प्रकाशनव्यवहार येथे थोडा विस्ताराने मांडत आहोत.

जेन ऑस्टिनचा जन्म 1775 साली इंग्लंडच्या हँपशायर परगण्यातील स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. तिचे वडील जॉर्ज ऑस्टिन हे तेथील अँग्लिकन धर्मगुरू होते. तिच्या कादंबऱ्यांचा विषय एकच : तरुण स्त्री-पुरुषांचे प्रेम आणि त्या प्रेमाला विवाहाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचताना द्यावी लागणारी परीक्षा. अशा लेखनाला तेव्हाही हलके मानणारे लोक होते आणि आजही आहेत. तिच्या वडिलांनी मात्र ते हलके मानले नाही. 1797 च्या नोव्हेंबरात त्यांनी लंडनचे प्रकाशक टॉमस कॅडेल यांना पत्र लिहून आपल्याजवळ तीन खंडांची एक कादंबरी असल्याचे कळवले. त्या पत्रात त्यांनी दोन्ही गोष्टी विचारल्या होत्या. लेखकाच्या जोखमीवर पुस्तक काढल्यास खर्च किती येईल, आणि हस्तलिखित पसंत पडल्यास त्याच्या हक्कापोटी आपण काय द्याल? म्हणजे आज आपल्या घरात जो प्रश्न पडतो, तोच त्या धर्मगुरूच्या घरातही पडला होता. कॅडेल यांनी हस्तलिखित मागवलेही नाही; उलटटपाली नकार आला. ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ या नावाची ती कादंबरी घरातच राहिली.

पुढची घटना प्रकाशनाची नाही, परंतु आमच्या विषयाशी तिचा संबंध फार जवळचा आहे. 1802 च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर या सधन घराण्यातील तरुणाने जेनला मागणी घातली. तिचे वय सव्वीस, हाताशी पैसा नाही; या विवाहाने स्वतःची, बहिणीची व आईवडिलांच्या वृद्धापकाळाची सोय होणार होती. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. त्या काळी असे करणे लाजिरवाणे होते. तरीही जो होकार आपण मनापासून निभावू शकणार नाही, तो दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून ठेवणे तिला अधिक वाईट वाटले असावे. एका रात्रीच्या आत तिने त्या तरुणाला मोकळे केले.

यानंतर काही महिन्यांनी, 1803 मध्ये, तिची ‘सुसान’ ही कादंबरी क्रॉस्बी आणि कंपनी या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने दहा पौंडांना विकत घेतली. तिच्या लेखनाला मिळालेला हा पहिला होकार. पुस्तक छापखान्यात असल्याची जाहिरातही झाली. पण पुस्तक बाहेर आले नाही. एक वर्ष गेले, दोन गेली. 1805 साली वडील वारले आणि आई व दोन बहिणी भावांच्या मदतीवर दिवस काढू लागल्या. सहा वर्षे वाट पाहून 1809 च्या एप्रिलमध्ये जेनने टोपणनावाने प्रकाशकाला पत्र लिहिले. हस्तलिखित हरवले असल्यास दुसरी प्रत देण्याची तयारी तिने दाखवली. आणि उत्तर न आल्यास आपण ते अन्यत्र प्रसिद्ध करू, असेही कळवले. उत्तर तत्परतेने आले. पुस्तक केव्हा छापावे याची मुदत ठरलेली नव्हती आणि ते छापलेच पाहिजे असे बंधनही आमच्यावर नाही. दुसऱ्या कोणी ते छापल्यास आम्ही कायदेशीर उपाय करू. हस्तलिखित हवे असल्यास दिलेले दहा पौंड परत करून घेऊन जावे, असा त्याचा आशय होता. त्या वेळी दहा पौंड मोजणे जेनला जमले नाही.

आमच्या मते या उत्तरापाशी खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. कायद्याने पाहिले तर प्रकाशकाची चूक कोठेच नव्हती. त्याने वस्तू घेतली, पैसे मोजले, पावती झाली. विकत घेतलेली वस्तू वापरावी की फडताळात ठेवावी, हा मालकाचा अधिकार. परंतु पोप लिओ तेरावे यांनी 1891 सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात संत थॉमस अक्वायनस यांच्या आधाराने जो भेद दाखवून दिला आहे, तो येथे आठवतो. वस्तू न्यायाने आपली असणे ही एक गोष्ट आणि ती योग्य रीतीने वापरणे ही दुसरी. पहिलीचा अधिकार आहे म्हणून दुसरीचे कर्तव्य टळत नाही. त्याच परिपत्रकात मजुरीविषयी लिहिताना त्यांनी असेही बजावले आहे, की दोघांच्या संमतीने ठरले एवढ्यावरून ते न्याय्य झाले असे होत नाही. हस्तलिखित ही धान्याच्या पोत्यासारखी वस्तू नव्हे. ते वाचले जाण्यासाठीच लिहिलेले असते. प्रकाशक जेव्हा ‘होय’ म्हणतो, तेव्हा तो कागदांबरोबर त्या हेतूचाही स्वीकार करतो. हेतू नाकारून केवळ कागद ठेवून घेणे म्हणजे धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरणाऱ्या सेवकासारखे वागणे होय. शुभवर्तमानातील त्या सेवकानेही चोरी केली नव्हती. त्याने नाणे जसेच्या तसे परत केले होते. तरी तो दोषी ठरला.

याच्या शेजारी कॅडेल यांचा नकार ठेवून पाहावा. तो रुक्ष होता, न वाचता दिलेला होता. पण तो लगेच आला. त्या नकाराने जेनचे हात बांधले नाहीत. हस्तलिखित तिचेच राहिले, तिने त्यावर पुन्हा काम केले आणि सोळा वर्षांनी तीच कादंबरी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या नावाने जगासमोर आली. नकाराने तिचे भले झाले असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा असा सोपा हिशेब मांडणे बरे नव्हे. एवढेच म्हणू, की नकाराने तिचे स्वातंत्र्य घेतले नाही; न निभावलेल्या होकाराने मात्र ते घेतले. प्रभू येशूने आपल्या बोलण्यात होय हे होयच आणि नाही हे नाहीच असावे असे शिकवले, ते काय केवळ शपथा टाळण्यासाठी?

आता स्वतः छापण्याविषयी. 1811 साली टॉमस एजर्टन यांनी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ प्रसिद्ध केली, ती लेखिकेच्या जोखमीवर. पद्धत अशी होती : कागद, छपाई व जाहिरात यांचा खर्च लेखकाचा, विक्रीवर दलाली प्रकाशकाची आणि तोटा झाल्यास तोही लेखकाचा. मुखपृष्ठावर नाव नव्हते. ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढाच उल्लेख होता. तिचा भाऊ हेन्री याने नंतर नमूद केले आहे, की विक्रीतून छपाईचा खर्च निघणार नाही अशी तिची खात्रीच होती आणि म्हणून आपल्या बेताच्या उत्पन्नातून तिने तोटा भरण्यापुरती रक्कम बाजूला काढून ठेवली होती. स्वतःचे पुस्तक स्वतः छापण्यात अहंकारच असतो, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. नाव छापले नाही, नफ्याची आशा धरली नाही, आणि तोटा झाल्यास तो भावाच्या किंवा प्रकाशकाच्या माथी जाऊ नये याची तजवीज आधी केली. हे नम्रतेचे लक्षण नव्हे काय? ती आवृत्ती 1813 च्या उन्हाळ्यापर्यंत संपली आणि तिला 140 पौंड मिळाले.

मात्र तेवढ्यावरून स्वतः छापणे हाच शहाणपणाचा मार्ग, असाही निष्कर्ष निघत नाही. पुढचा हिशेब पाहा. पहिल्या पुस्तकाचे यश दिसण्याआधीच, 1812 च्या अखेरीस, तिने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सर्व हक्क एजर्टन यांना 110 पौंडांना विकून टाकले. तिची अपेक्षा 150 ची होती. 1813 मध्ये ते पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी दुसरी आवृत्ती काढावी लागली. लेखिकेला त्यातून एक पेनीही मिळाली नाही. या अनुभवाने शहाणी होऊन तिने 1814 साली ‘मॅन्सफील्ड पार्क’ पुन्हा स्वतःच्या जोखमीवर काढली, आणि तीवर तीनशे पौंडांहून अधिक लाभ झाला. मग जॉन मरे या नामांकित प्रकाशकाने तिच्या तीन कादंबऱ्यांच्या हक्कांसाठी 450 पौंड देऊ केले. तिने ते नाकारले आणि ‘एमा’ व ‘मॅन्सफील्ड पार्क’ची दुसरी आवृत्ती अशी दोन्ही पुस्तके स्वतःच्याच जोखमीवर त्यांच्याकडून काढली. ‘एमा’वर 221 पौंड सुटले, परंतु दुसऱ्या पुस्तकाचा 182 पौंडांचा तोटा त्यातून वळता झाला आणि जिवंतपणी तिच्या हाती जेमतेम 39 पौंड आले. एकदा विकून ती फसली, एकदा न विकून फसली. तेव्हा कोणता मार्ग बरा, हे नफ्यातोट्यावरून ठरवणाऱ्याला तिच्या चरित्रात उत्तर सापडणार नाही.

प्रकाशकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. जो दुसऱ्याच्या पुस्तकावर आपला पैसा लावतो, तो दहांपैकी किती पुस्तके गोदामात पडून राहतील या चिंतेने झोपत असतो. एजर्टन यांनी 110 पौंड दिले तेव्हा ‘प्राइड’ खपेल याची हमी त्यांना कोणी दिली नव्हती. आज आपल्याकडे लेखकालाच काही शे प्रती विकत घ्यायला लावून मग ‘आम्ही प्रकाशित केले’ असे मिरवणारे आढळतात. त्यांच्याशी तुलना केली तर एजर्टन यांचा व्यवहार सरळ म्हणावा लागेल. त्यांनी जोखीम घेतली आणि पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचवले. संगणकामुळे आता कोणालाही थोड्या खर्चात पुस्तक छापता येते, अगदी कागदावाचूनही प्रसिद्ध करता येते. तरी नैतिक कसोटी बदललेली नाही. जोखीम कोणाची आहे हे स्पष्ट असावे, ज्याने ती पत्करली त्याने ती निभवावी, आणि आपल्या हौसेचा भार दुसऱ्याच्या ताटातील भाकरीवर पडू देऊ नये.

‘सुसान’चे पुढे काय झाले? 1816 मध्ये हेन्रीने क्रॉस्बी यांना दहा पौंड देऊन हस्तलिखित सोडवून आणले आणि व्यवहार पुरा झाल्यावरच या नगण्य बाडाची लेखिका कोण हे उघड केले, असे तिच्या कुटुंबीयांनी लिहून ठेवले आहे. जेनने नव्या प्रकाशनासाठी एक छोटे निवेदन लिहिले. मधल्या तेरा वर्षांत स्थळे, चालीरीती, पुस्तके, मते बदलून गेल्यामुळे यातील काही भाग जुना वाटेल, याबद्दल तिने वाचकांची क्षमा मागितली. जे छापण्याच्या योग्यतेचे वाटत नव्हते ते प्रकाशकाने विकत तरी का घ्यावे, याचे आश्चर्यही नोंदवले. क्षमा मागण्याची पाळी वस्तुतः तिची नव्हती. 18 जुलै 1817 रोजी विंचेस्टर येथे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तिचा अंत झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘नॉर्थँगर ॲबी’ हे नाव लेऊन ती कादंबरी बाहेर पडली. जिने प्रथम होकार मिळवला होता, ते पुस्तक तिला छापलेले पाहायला मिळाले नाही.

येथवर दूरदेशीच्या प्रकाशकाला दोष देणे सोपे गेले. पण हे लिहिताना आम्हाला आमचे स्वतःचे कपाट आठवते. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेचे संपादन आमच्याकडे होते. एका निवृत्त गुरुजींनी आपली लघुकादंबरी असलेली वही आमच्या हाती दिली. आपल्याच वाडीतील एका जोडप्याच्या प्रेमाची व कष्टांची ती कथा होती. आम्ही चार पाने वाचून म्हटले, “गुरुजी, छापू या.” तो होकार खोटा नव्हता, फक्त आम्ही त्याचा भार उचलला नाही. जाहिरातींची पाने वाढली, वही कपाटात गेली. रविवारी मिस्सानंतर गुरुजी भेटत, हवापाण्याच्या गोष्टी करत. वहीचे नावही काढत नसत. आम्हीही काढत नव्हतो. दोन वर्षांनी त्यांनी ती परत मागितली. घेताना इतकेच म्हणाले, “आधी नाही म्हणाला असता तर मीच छापली असती. तेव्हा हिची नजर चांगली होती, तिने वाचली असती.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे आमची सुटकाही झाली नाही. पापनिवेदनाला जाताना आपण बोललेले खोटे आठवतो, उद्धट शब्द आठवतो. सौजन्यापोटी दिलेले आणि मग विसरलेले होकार सहसा आठवत नाहीत. वास्तविक विवाहाच्या वेदीपुढे आपण उच्चारतो तो होकार जितका पवित्र मानतो, त्याचाच एक लहान अंश आपल्या प्रत्येक होकारात असतो. कोणाच्या मुलाला नोकरीसाठी शब्द टाकतो म्हणणे, आजारी शेजाऱ्याला भेटायला येतो म्हणणे, कोणाचे लेखन ठेवून घेणे, या साऱ्यांत समोरचा मनुष्य आपल्या भरवशावर थांबून राहतो. त्याचे थांबणे हाही त्याच्या आयुष्याचाच भाग असतो आणि तो आपण खर्च करत असतो.

ज्यांच्या घरी हस्तलिखित आहे त्यांना आम्ही एवढेच सांगू, की प्रकाशकाकडे जा अथवा स्वतः छापा; दोन्ही मार्गांत मान आहे आणि दोन्हींत ठेचाही आहेत. मात्र ज्यांच्या हाती दुसऱ्याचे हस्तलिखित आहे, त्यांनी आज संध्याकाळी आपले कपाट उघडावे. छापायचे असेल तर दिवस ठरवावा. नसेल तर वही कागदात नीट गुंडाळून, जातीने जाऊन परत द्यावी. आम्ही आमच्या कपाटातील उरलेल्या तीन वह्या बाहेर काढून ठेवल्या आहेत.