अंत, संगम आणि अनिर्णय

प्रक्रियेचा प्रत्येक टप्पा नियमाने ठरलेला असेल, तर तिचा शेवटही ठरलेलाच आहे असे म्हणता येते काय? नियतिवादाच्या चर्चेतला हा जुना प्रश्न संख्यासिद्धांतातील अ‍ॅलिक्वॉट क्रमिकांपाशी अधिक टोकदार होतो.

नियम एवढाच की, संख्येच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज करावी आणि आलेल्या बेरजेवर तीच क्रिया पुन्हा करावी. 12 पासून 16, 15, 9, 4, 3, 1 अशी वाट शून्यावर संपते. 6 स्वतःपाशीच थांबते. 220 आणि 284 एकमेकींकडे बोट दाखवीत राहतात. प्रत्येक क्रमिका संपते किंवा आवर्तनात अडकते, हे कातालाँ यांचे 1888 मधील आणि डिक्सन यांनी 1913 मध्ये सुधारलेले अनुमान. गाय व सेल्फ्रिज यांनी 1975 मध्ये त्याविषयी गंभीर शंका घेतली. 138 ही संख्या 117 व्या पायरीवर 1,79,93,18,95,322 पर्यंत चढते आणि 177 व्या पायरीवर 1 ला येते. 276 ची क्रमिका मात्र 200 हून अधिक अंकी संख्यांपर्यंत पोहोचूनही निर्णय देत नाही.

येथे ज्ञानाची एक विषमता आहे. क्रमिका संपत असेल, तर चिकाटीने केलेली आकडेमोड ते कधीतरी दाखवील; अनंत असेल, तर कितीही आकडेमोड मूकच राहील. म्हणून ‘अद्याप संपलेली नाही’ यावरून ‘संपणारी नाही’ असे म्हणणे ही केवळ तार्किक घाई नव्हे. ती बौद्धिक सचोटीतील उणीव आहे. ब्रौवर यांच्यासारखा अंतःप्रज्ञावादी तर ‘संपते किंवा संपत नाही’ हे विधानही सिद्धतेवाचून स्वीकारणार नाही. ही भूमिका टोकाची खरी, पण तिची शिस्त उपयोगी आहे. कर्मोड यांनी 1967 मध्ये कथेच्या अंताची मीमांसा केली. तिच्यात अंतामुळे मधल्या घटनांना आकार येतो. 276 च्या मध्याला असा आधार नाही, तरीही तिची प्रत्येक पायरी निःसंदिग्ध आहे.

संगमाचा प्रश्न याहून सूक्ष्म. 276 आणि 306 या दोन्ही संख्या एका पायरीत 396 ला येतात आणि पुढे त्यांचे भवितव्य एकच. 1000 खालील 12 अनिर्णित संख्या अशा रीतीने 5 क्रमिकांत सामावतात. त्यांतील एकीचा निकाल लागला की तिला मिळालेल्या सगळ्यांचा लागतो. उलट दिशेने मात्र 396 कडे पाहून कोण कोठून आले हे सांगता येत नाही. उगमाची खूण तेथे पुसली जाते. संहितेच्या उगमाला अंतिम प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला हे अडचणीचे वाटावे.

आणि 5 कडे तर कोणतीच वाट येत नाही. ही बेरीज यायची तर 1 आणि 4 एवढेच विभाजक हवेत. पण 4 आला की 2 येतोच. अनंत शोध एका ओळीत मिटला. 276 साठी असा युक्तिवाद अद्याप कोणालाही सापडलेला नाही.