पाहुण्यांनी कामाला यावं

छोट्या शाळेत पाहुणा येणार असला, की आदल्या दिवसापासून लगबग सुरू होते. अंगण झाडलं जातं, फळ्यावर रंगीत खडूंनी स्वागत उमटतं, कुणीतरी आभाराचं भाषण घोकत बसतं. साठ-सत्तर मुलांच्या शाळेतला हा उत्साह अगदी खरा असतो. वाईट एवढ्याचंच वाटतं, की इतक्या ओढीने बोलावलेला माणूस बहुधा तासभर बोलतो आणि निघून जातो. मुलांना त्याचं यश कळतं, त्याचं काम कळत नाही.

जाणत्या माणसाने शाळेत येऊन मुलांदेखत काम करावं, आणि काम करताना त्याचं अडावंही, असं मला मनापासून वाटतं. पाठ्यपुस्तकात ज्ञान सगळं तयार होऊन येतं. ते तयार होताना किती वेळा फसलं, याचा मागमूस तिथे नसतो. त्यामुळे ज्याला पहिल्या झटक्यात जमत नाही, ते मूल स्वतःला ‘ढ’ समजू लागतं. मोठं माणूस अडतं कसं आणि वाट काढतं कसं, हे जवळून बघायला मिळणं हा मुलांचा हक्क आहे. छोट्या शाळेला तो सहज देता येतो, कारण तिथे प्रत्येक मूल पाहुण्याच्या अगदी शेजारी उभं राहू शकतं.

1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या त्यामागच्या संस्था. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक तिथे जाऊन शिक्षकांसोबत स्वतः प्रयोग करत. वर्गात काय जमलं, काय फसलं, यावर शिक्षकांच्या मासिक बैठकीत बोलणं होई. मुलांची पुस्तकं ‘बाल वैज्ञानिक’ या नावाची, आणि परीक्षेत ती उघडून बघायची मुभा. मुलं आपल्या शंका ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला पत्राने कळवत आणि सवालीरामच्या नावाने उत्तर येई. पाहुणे परत गेले, तरी प्रश्न विचारायला एक पत्ता मुलांपाशी उरत होता. शासनाने 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद केला, पण पाहुण्याचा उपयोग कसा करून घ्यावा, याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

याच कार्यक्रमात 1978 साली पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन अभियंते अरविंद गुप्ता गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्याच सामानातून त्यांनी आकार जोडायला घेतले. तीन काड्यांचा त्रिकोण कसाही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. त्यात एक तिरपी काडी घातली, की तोही ताठ होतो. हे ज्या मुलाने आपल्या हाताने केलं, ते मान वर करून छपराच्या कैचीकडे बघतं, तेव्हा त्याला तिथल्या तिरप्या वाशाचं कारण कुणी सांगावं लागत नाही.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला हाच विचार दुसऱ्या वाटेने आला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून 1983 साली या दुष्काळी गावात आले आणि ‘विज्ञान आश्रम’ उभा केला. शाळेत न रमलेली, मध्येच गळालेली मुलं तिथे राहून वेल्डिंग, वायरिंग, शेती, जनावरांची निगा शिकतात. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभे राहिलेले तिथले घुमट हेही या हातांचंच काम. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गेर्शनफेल्ड तिथे आले आणि 2002 मध्ये आश्रमात फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, सुरू झाली. विषय मात्र गावाचे होते: दुधाची प्रत कशी मोजायची, डिझेल इंजिन नीट कसं चालवायचं. पाहुणा जगाच्या दुसऱ्या टोकाचा असला, तरी प्रश्न पाबळचा होता, आणि तिथल्या मुलांना त्या प्रश्नाची माहिती पाहुण्यापेक्षा जास्त होती. अशा ठिकाणी पाहुणा आणि विद्यार्थी दोघेही शिकतात.

जाणता माणूस लांबूनच यावा, असंही नाही. एका छोट्या शाळेत हात धुण्याचा ओटा बांधायला गावातलेच गवंडी आले होते. गवंडीमामांनी खुंट्या ठोकल्या, लाइनदोरी ताणली, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून खुणा केल्या. कोपरा काटकोनात असेल, तर तिरकं माप पाच फूट यायला हवं होतं, ते दोन इंच जास्त आलं. मामा थबकले. पुन्हा मोजलं, तरी तेच. सातवीतली मुलगी गुडघ्यावर बसून एकेक खुंटी हलवून बघू लागली. मुरूम भुसभुशीत होता, कोपऱ्यातली खुंटी सरकली होती. ती पक्की ठोकल्यावर माप बरोबर पाच फूट आलं. पायथागोरसचं नाव शिकवणाऱ्या ताईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात घेतलं, तोवर त्याचा सिद्धांत मुलांचा अंगणात वापरूनही झाला होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करावं, असं म्हटलं आहे. ही तरतूद फोटो काढून उरकण्यासारखी नाही. या माणसांना त्यांच्या वेळेचा मोबदला मिळाला पाहिजे आणि शास्त्रज्ञाला मिळतो तोच मानही.

यात एक धोका आहे. पाहुण्यांची वर्दळ वाढली, की रोजचे शिक्षक चहापाण्याच्या व्यवस्थेत अडकतात आणि ज्ञान बाहेरून गाडीत बसून येतं, असं मुलांना वाटू लागतं. म्हणून पाहुण्याच्या कामात शिक्षकाचा हात पहिल्यापासून असावा. प्रश्न शिक्षकाने मुलांबरोबर आधी ठरवावा, पाहुण्याबरोबर स्वतः काम करावं आणि तो गेल्यावर राहिलेलं काम पुढे न्यावं. होशंगाबादच्या वैज्ञानिकांनी शिक्षकांना सोबत घेतलं होतं ते याचसाठी.

नव्या वर्षाचं नियोजन करताना शाळांनी पाहुण्यांच्या नावांची यादी नंतर करावी, आधी आपल्या प्रश्नांची करावी. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात का आटतं, खिचडीसाठी लाकूड कमी कसं लागेल, गावातल्या आज्यांच्या ओव्या कोण उतरवून घेणार? मग ज्याला त्यातलं काही कळतं, त्याला बोलवावं, सतरंजीवर मुलांमध्ये बसवावं आणि म्हणावं, आमचं इथे अडलंय, आमच्याबरोबर शोधा.